धाकाच्या घरातून बाहेर पडलेली मुले

नवऱ्याच्या जाचाला कंटाळून एखादी स्त्री माहेरच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली, की तिला मिळणारा पहिला सल्ला बहुधा ठरलेला असतो : ‘मुलांकडे पाहून सोस.’ सल्ला देणारी माणसे दुष्ट नसतात. बापाविना मुले उघडी पडतील, चारचौघांत नाव जाईल, उद्या मुलीच्या लग्नाच्या वेळी लोक नाना प्रश्न विचारतील, अशी त्यांची प्रामाणिक भीती असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, या म्हणीच्या आधारावर आपल्या मध्यमवर्गाने पिढ्यान्‌पिढ्या संसार रेटले आहेत. तथापि ज्या मुलांच्या नावाने हा सल्ला दिला जातो, त्यांचे त्या झाकल्या मुठीत काय होते आणि ती मूठ उघडल्यावर ती पुन्हा सावरतात कशी, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. तो केला, तर हा सल्ला ज्यांच्या हितासाठी दिला जातो त्यांच्याच मुळावर येतो, असे दिसून येईल.

हा प्रश्न मूठभर घरांचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १८ ते ४९ वयाच्या, विवाह झालेल्या स्त्रियांपैकी देशात २९.३ टक्के व महाराष्ट्रात २५.२ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसली आहे. पुरोगामी म्हणविणाऱ्या आपल्या राज्यात हे प्रमाण चौघींत एक असे पडते. त्याच सर्वेक्षणाचा दुसरा आकडा अधिक बोलका आहे. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी ना कोणाची मदत मागितली, ना कोणापाशी वाच्यता केली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. या आकड्यांमागे दाराआड उभी असलेली मुले मात्र कोष्टकात दिसत नाहीत.

मारहाण नव्हे, राजवट

कौटुंबिक हिंसाचार म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे दारू पिऊन आलेला नवरा आणि वळ उठलेली बायको एवढेच चित्र उभे राहते. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या हिंसेचे खरे स्वरूप प्रसंगोपात्त मारहाणीचे नसून सततच्या नियंत्रणाचे असते, असे साधार दाखविले. बायकोने कोणाशी बोलावे, माहेरी केव्हा जावे, पगार कोणाच्या हाती द्यावा, भाजीचा हिशेब पैशापैशाने कसा सांगावा, फोन कोणाला दाखवावा, हे सारे एकच माणूस ठरवतो. अशा घरात वर्षातून एखाद्याच वेळी हात उगारला गेला तरी पुरतो. उरलेले दिवस त्या हाताच्या आठवणीनेच कारभार चालतो. ही एक राजवट असते, आणि घरातील प्रत्येक जण तिची प्रजा असतो.

आपल्या कायद्याने हे बऱ्याच अंशी ओळखले आहे. २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याने शारीरिक व लैंगिक छळाबरोबरच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसाचाराच्या व्याख्येत स्थान दिले. इंग्लंडने २०१५ साली नियंत्रण व दडपशाहीच्या वर्तनाला स्वतंत्र गुन्हा ठरविले, आणि २०२१ च्या कायद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. घरातील हिंसा पाहणारे, ऐकणारे किंवा तिचे परिणाम भोगणारे मूल हे साक्षीदार नव्हे, तर स्वतःच्या अधिकाराने पीडित होय, असे त्या कायद्याने मान्य केले. मुलाच्या अंगाला हात लागला नाही म्हणजे त्याला काही झाले नाही, हा समज यापुढे टिकण्याजोगा नाही.

अशा घरातील मूल काय शिकते? ते जिन्यावरील पावलांच्या आवाजावरून संध्याकाळचा अंदाज बांधायला शिकते. कुलपात किल्ली कशी फिरली यावरून वही उघडावी की आतल्या खोलीत जावे, हे ठरवते. धाकट्याला गप्प करणे, आईच्या चुकीवर पांघरूण घालणे, बापाचा मूड सांभाळणे ही कामे आठदहा वर्षांची मुलगी बिनबोभाट अंगावर घेते आणि पाहुणे तिच्या शहाणपणाचे कौतुक करतात. वर्गात फळ्याकडे लक्ष नसलेला मुलगा पुष्कळदा आळशी नसतो. त्याचे सारे लक्ष घरी उरलेले असते. पोटदुखी, अंथरूण ओले होणे, झोपेत दचकणे, लहानसहान गोष्टीवरून हातघाईवर येणे ही त्या राहणीची भाषा आहे.

याहून खोल इजा आई आणि मूल यांच्या नात्याला होते. लंडी बँक्रॉफ्ट व जे सिल्व्हरमन यांनी २००२ साली अत्याचारी पुरुषांच्या पालकत्वावर लिहिलेल्या ग्रंथात या बाबीवर विशेष भर दिला आहे. नियंत्रण करणारा बाप मुलांदेखत आईची अक्कल काढतो, तिने घातलेली शिस्त मोडून काढतो, एका भावंडाला जवळ करून दुसऱ्याला दूर लोटतो. ‘तुझी आई वेडी आहे,’ हे वाक्य दररोज ऐकणारे मूल कालांतराने ते खरे मानू लागते. काही मुले तर बलवानाच्या बाजूला उभे राहणे सुरक्षित म्हणून आईशी बापाच्याच शब्दांत बोलू लागतात. त्यांना कृतघ्न म्हणणे सोपे आहे. परंतु जुलमी राज्यात प्रजेनेही हेच केल्याचे इतिहास सांगतो. क्वचित घरी हा अंकुश आईच्या किंवा अन्य वडीलधाऱ्यांच्या हाती असतो, आणि तेथेही मुलांची इजा याच जातीची असते. बहुसंख्य घरांत तो बापाच्या हाती असतो, म्हणून येथे त्याचा विचार प्रामुख्याने केला आहे.

काळ हे औषध नव्हे

घर सोडले, की सारे आपोआप ठीक होईल, अशी दुसरी एक भाबडी समजूत आहे. ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ विदुषीने १९९२ साली मांडलेले विवेचन येथे मार्गदर्शक ठरते. आघातातून सावरण्याच्या त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या : प्रथम सुरक्षितता, मग घडले त्याची आठवण व त्याबद्दलचा शोक, आणि शेवटी माणसांशी पुन्हा जोडले जाणे. हा क्रम महत्त्वाचा आहे. पहिली पायरी चढल्याखेरीज दुसरीवर पाय ठेवता येत नाही. रोजचा धाक चालू असताना मुलाला समुपदेशकाकडे नेणे म्हणजे पाऊस चालू असताना भिंत रंगविण्यासारखे आहे.

येथे एक गोष्ट नातेवाइकांनी व शिक्षकांनी नीट समजून घेतली पाहिजे. धाकाच्या घरातून बाहेर पडल्यावर अनेक मुले आधी सुधारत नाहीत, बिघडतात. जे मूल बापासमोर चकार शब्द काढत नव्हते, ते आजोळी आल्यावर ताट भिरकावते, आईला उलटून बोलते, अभ्यास सोडते. लगेच शेजारीपाजारी निष्कर्ष काढतात : ‘बापाचा वचक होता, तेव्हा बरा होता.’ वस्तुतः कित्येकदा याच्या उलट असते. इतकी वर्षे कोंडलेला राग बाहेर काढण्याइतकी निर्भयता त्याला प्रथमच लाभलेली असते, आणि तो राग आईवर निघतो, कारण ती उलट मारणार नाही याची त्याला खात्री असते. हा काळ कठीण असला तरी तो सावरण्याच्याच वाटेवरील टप्पा असू शकतो. या टप्प्यावर घाबरून मुलाला पुन्हा त्या वचकाखाली पाठविणे म्हणजे ताप उतरताना घाम आला म्हणून औषध बंद करण्यासारखे आहे. अर्थात समजून घेणे म्हणजे सर्व खपवून घेणे नव्हे. ‘तुला राग येणे योग्य आहे, पण या घरात कोणीच कोणाला मारायचे नाही,’ हा नियम शांतपणे आणि दररोज त्याच शब्दांत सांगावा लागतो. मार न देताही शिस्त असू शकते, हे त्या मुलाने आजवर पाहिलेलेच नसते.

दुसरी गरज सत्याची. अशा घरात जे घडले ते घडलेच नाही, असे दाखविण्याची सक्ती असते. आईच्या गालावरील वळ ‘दार लागले’ म्हणून सांगावा लागतो. मूल स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गमावते, आणि कोणीच काही बोलत नाही तेव्हा दोष आपलाच असावा, असे धरून चालते. म्हणून वडील माणसांनी त्याला साध्या शब्दांत सांगितले पाहिजे, की जे झाले ते चूक होते, ते तुझ्यामुळे झाले नाही, आणि ते थांबविणे हे तुझे काम नव्हते. एवढे सांगताना बापाची निंदानालस्ती करण्याचे कारण नाही. पुष्कळ मुलांचे बापावर प्रेम असते. त्याने सायकल शिकविलेली असते, जत्रेत खांद्यावर बसविलेले असते. ते प्रेम आणि ती भीती ही दोन्ही एकाच मनात नांदू शकतात. मुलाला बापाचा द्वेष करायला शिकविणे हीही त्याच्या मनावर केलेली सक्तीच होय. कृत्य चूक होते, हे सांगावे. प्रेम चूक आहे, असे सांगू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची : आई आणि मूल यांचे मोडलेले नाते पुन्हा जोडणे. कॅलिफोर्नियातील अ‍ॅलिशिया लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आईवरील हिंसा पाहिलेली तीन ते पाच वर्षांची मुले व त्यांच्या आया अशा ७५ जोड्या होत्या. त्यांतील काहींना वर्षभर दर आठवड्याला आई व मूल एकत्र बसवून, खेळाच्या आणि संवादाच्या मार्गाने उपचार देण्यात आले. या मुलांची भयाची लक्षणे व वर्तनातील अडचणी इतर जोड्यांतील मुलांपेक्षा स्पष्टपणे कमी झाल्या. मुलाला आईपासून वेगळे काढून बरे करण्याऐवजी दोघांना एकत्र उभे केल्याने हा गुण आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मनाचा आणि भाड्याचा संबंध

येथपर्यंतचे विवेचन मानसशास्त्राचे झाले. परंतु आई उभी राहावी असे म्हणणे आणि तिच्या पायांखाली जमीन नसणे, या दोहोंचा मेळ बसत नाही. अर्थशास्त्राने फार काळ कुटुंब हे एक अखंड एकक मानले. त्यात कोणाचे हित कोणाच्या हिताविरुद्ध जाऊ शकते, हे त्याने विचारलेच नाही. प्रदीप पांडा व बीना अगरवाल यांनी केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील स्त्रियांचा अभ्यास करून २००५ साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष या संदर्भात डोळे उघडणारे आहेत. ज्या स्त्रियांच्या नावावर ना जमीन ना घर, त्यांतील ४९ टक्के स्त्रियांना नवऱ्याकडून शारीरिक हिंसा सोसावी लागली होती. जमीन व घर दोन्ही असलेल्यांत हे प्रमाण अवघे ७ टक्के होते. जिला जाण्यास जागा आहे, तिच्यावर हात उगारताना माणूस विचार करतो. आणि तरीही उगारलाच, तर ती मुलांना घेऊन निघू शकते.

म्हणजे मुलाच्या सावरण्याला एक रोकडी बाजू आहे. घराचे भाडे, शाळेची फी, महिन्याचा किराणा यांची तरतूद नसेल, तर पहिली पायरीच चढता येत नाही. २००५ च्या कायद्याने सामाईक घरात राहण्याचा हक्क, निर्वाहखर्च, मुलांचा तात्पुरता ताबा आणि मानसिक छळाबद्दल भरपाई अशा तरतुदी केल्या आहेत. पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न दंडाधिकाऱ्याने करावा, असेही कायदा सांगतो. कायद्याचा हा आग्रह मुलाच्या दृष्टीने पाहावा. प्रौढांना तारीख पुढे गेली एवढेच वाटते. सहा वर्षांच्या मुलाच्या लेखी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा असतो.

भेटीच्या प्रश्नावरही याच दृष्टीने विचार व्हावयास हवा. बापाची भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असे वाटल्यास दंडाधिकारी ती नाकारू शकतो, असे याच कायद्याच्या २१ व्या कलमात नमूद आहे. सर्वच बापांना मुलांपासून तोडावे, असे कोणी म्हणणार नाही. पण राजवट गमावलेला माणूस मुलाच्या मार्फत ती पुन्हा मिळवू पाहतो, हेही सत्य आहे. ‘आई कोणाशी बोलते? कोठे जाते?’ असे प्रश्न मुलाला विचारले जाऊ लागले, की भेट ही भेट राहत नाही, टेहळणी होते. बापाचा हक्क हा प्रश्नाचा आरंभ नसून मुलाची निर्भयता हा आरंभ आहे.

खाण तशी माती?

या मुलांच्या वाटेत आणखी एक धोंड आपणच टाकतो. मुलगा जरा आवाज चढवून बोलला, की ‘बापावर गेला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. शास्त्राचा हवाला देऊनही असे बोलता येते. अमेरिकेत विन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांची यादी केली होती. आईला होणारी मारहाण पाहणे हा त्यांतील एक अनुभव होता. असे अनुभव जितके अधिक, तितका प्रौढपणी शारीरिक व मानसिक आजारांचा धोका अधिक, असे त्यातून दिसले. पण धोका म्हणजे विधिलिखित नव्हे.

याची दुसरी बाजू एमी वर्नर यांनी हवाई बेटांपैकी काउआई बेटावर केलेल्या अभ्यासात दिसते. १९५५ साली तेथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार आणि मायाळू प्रौढ झाली. त्यांच्यात काय समान होते? घरात वा घराबाहेर, आजी, मावशी, शेजारी किंवा शिक्षक, असे एक तरी स्थिर आणि भरवशाचे माणूस त्यांना लाभले होते. खाण तशी माती ही म्हण खाणीपुरती खरी असेल. माणसाच्या मुलाला ती लावू नये.

शाळा, कचेरी आणि शेजार

ते भरवशाचे माणूस होणे हे आपल्यापैकी अनेकांच्या हाती आहे. शिक्षकाने मुलाची उलटतपासणी घेऊ नये, वर्गात सर्वांदेखत घरचे काही विचारू नये. ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट करणारा, न ओरडणारा, दिलेला शब्द पाळणारा प्रौढ रोज पाच तास दिसणे, हाच अशा मुलासाठी मोठा उपचार आहे. मुलाने मन मोकळे केले, तर ‘कोणाला सांगणार नाही’ असे खोटे वचन देऊ नये. योग्य त्याच माणसाला सांगेन, एवढेच म्हणावे. घरी तक्रारीची चिठ्ठी धाडण्यापूर्वी ती कोणाच्या हाती पडेल आणि तिचे काय होईल, याचा विचार करावा.

शाळेच्या कचेरीतील कारकुनाचे काम याहून कमी महत्त्वाचे नाही. मुलांना घेऊन दुसऱ्या गावी आलेली स्त्री खिडकीपाशी उभी राहते तेव्हा वडिलांची सही आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवरच तिचे घोडे अडते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार प्राथमिक शिक्षणासाठी शासकीय वा अनुदानित शाळेत प्रवेश देताना दाखला मिळण्यास उशीर झाला, या कारणास्तव प्रवेश अडवता वा लांबवता येत नाही. हे ठाऊक असलेला एक कारकून त्या मुलाचे एक वर्ष वाचवू शकतो. मुलाचा नवा पत्ता मागेल त्याला न देणे, हीही त्याचीच जबाबदारी. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नोंदींत आईचे नाव लावणे आवश्यक केले. कागदावरील या नावाला खिडकीवरही मान मिळाला पाहिजे.

मदतीच्या यंत्रणा अपुऱ्या असल्या, तरी आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, आणि तो प्रयोग पुढे राज्यात इतरत्र पसरला. संकटातील मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. ते शाळेच्या फलकावर सुविचाराइतक्याच ठळक अक्षरांत लिहावेत.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी काही जण अशाच घरांतून आलेले असतील. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की लहानपणी गप्प बसून त्यांनी कोणाचा विश्वासघात केला नाही. मुलाला शक्य होते तेवढे त्यांनी केले. दचकणे, चटकन संतापणे किंवा कोणावरच विश्वास न बसणे हा स्वभावाचा डाग नाही. कधीकाळी जगण्यासाठी लावून घेतलेली ती सवय आहे, आणि भरवशाच्या माणसांच्या सहवासात, गरज पडल्यास जाणकाराच्या मदतीने, ती सुटू शकते.

राहिला प्रश्न उंबऱ्यावर उभ्या असलेल्या त्या स्त्रीचा. तिच्या मुलांना दोन पालक हवेत हे खरे. पण त्याआधी त्यांना एक तरी न घाबरलेला पालक हवा. तो मिळवून देणे तिच्या एकटीच्या बळावर होणारे काम नाही. त्यासाठी माहेराने खोली द्यावी, भावाने वाटणी द्यावी, शाळेने प्रवेश द्यावा, न्यायालयाने वेळेत निकाल द्यावा आणि शेजाऱ्याने साक्ष द्यावी. यांपैकी काहीच देण्याची तयारी नसेल, तर निदान ‘मुलांकडे पाहून सोस’ हा फुकटचा सल्ला तरी आपण देऊ नये. त्याची किंमत ती मुले आयुष्यभर मोजत असतात.